मुलाखत कुणाची? तोंडाची की हाताची?



गेल्या वर्षीची गोष्ट आहे. त्र्यंबकेश्वरच्या आमच्या वस्तीतली एक ताई संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभी राहिली. नवरा वारलेला. स्वतः एका लॉजवर यात्रेकरूंच्या चादरी आणि उशांचे अभ्रे धुते. "भाऊ, तुमची चार लोकांत ऊठबस हाये. पोराला कुठंतरी चिकटवा," एवढेच ती म्हणाली. तिचा मुलगा बावीस वर्षांचा. आम्ही त्याला लहानपणापासून पाहत आलो आहोत. तो कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. विचारलेलेच वाक्य पुन्हा म्हणतो. बँजो-ताशा सुरू झाला की दोन्ही कानांवर हात दाबून घरात पळतो. शाळेत मास्तर त्याला ढ म्हणायचे, वस्तीतली पोरे येडा म्हणतात. पण याच पोराला त्र्यंबकच्या स्टँडवरून सुटणाऱ्या सगळ्या एस.टी. गाड्यांच्या वेळा तोंडपाठ. घरात डबे, बाटल्या, चपलासुद्धा एका ओळीत लावून ठेवणार, त्यात इंचाचा फरक खपवून घेणार नाही.

आम्ही त्याला एका व्यापाऱ्याकडे नेले. पूजेच्या साहित्याचे गोदाम, माल लावायला माणूस हवा होता. मालकाने खुर्चीत रेलून विचारले, "काय रे, स्वतःविषयी सांग. तुला आम्ही का ठेवावं?" पोरगा गप्प. मालकाने पुन्हा विचारले. पोराची नजर भिंतीलगतच्या थप्प्यांवर. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "तिसऱ्या थप्पीत एक खोका दुसरा आहे." मालकाला तो उद्धटपणा वाटला. "याला बोलायची रीत नाही," असे म्हणून त्याने आमची बोळवण केली.

आणि आम्ही काय केले? रस्त्यात त्या पोरावरच तोंडसुख घेतले. "तोंडाला कुलूप लावलं होतं का? आमची अब्रू घालवलीस!" घरी सोडल्यावर त्याच्या आईलाही तेच ऐकवले. ती माउली शांतपणे म्हणाली, "भाऊ, त्यो बोलाया गेलता का कामाला गेलता?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही बी.कॉम. शिकलेले, वीस-बावीस वर्षे कारकुनी केलेले, सभांतून समान संधीवर भाषणे ठोकणारे. पण नोकरी देताना माणसाचे काम पाहायचे असते हे त्या निरक्षर बाईने आम्हांला शिकवले. शिवाय त्या गोदामात गेल्याबरोबर चुकीचा खोका ओळखणारा माणूस मालकाच्या समोर उभा होता, हे मालकाच्या लक्षात आले नाही आणि आमच्याही आले नाही!

वाचकहो, 'योग्य उमेदवार मिळाला नाही' हा शेरा आपल्या समाजाला नवा नाही. राखीव जागा असतात, अर्जही येतात, पण मुलाखतीच्या खोलीत असे काही घडते की जागा रिकामी राहते. लेखी परीक्षेत पुढे असलेला आपला मुलगा मुलाखतीत मागे का पडतो, हा प्रश्न आपण वर्षानुवर्षे विचारत आलो. कारण मुलाखतीत पुष्कळदा मोजली जाते ती बोलण्याची ढब, कपड्यांची इस्त्री, साहेबासारखे हसणे. जो साहेबासारखा दिसतो तो योग्य. ही चाळणी आपल्याला जातीमुळे लागली. ज्यांच्या मेंदूची घडण निराळी आहे त्यांनाही तीच चाळणी लागते. आणि जो बौद्धाच्या घरी जन्मला आणि असाही आहे, त्याला दोनदा लागते. त्याचे गप्प राहणे हे त्याच्या वस्तीच्या खात्यावर मांडले जाते. 'हे लोक असेच' म्हणून मोकळे होता येते.

ही निराळी घडण म्हणजे काय, ते आधी साध्या शब्दांत पाहू. त्या मुलाला पुढे सरकारी दवाखान्यात दाखवले तेव्हा डॉक्टरांनी त्याला स्वमग्नता आहे असे सांगितले. स्वमग्नतेचे शास्त्रीय वर्णन लिओ कॅनर या डॉक्टराने १९४३ साली अमेरिकेत केले. अशा माणसाला गर्दी, गोंगाट, अचानक झालेला बदल सोसत नाही. सूचक बोलणे, टोमणे, डोळ्यांची खूण कळत नाही. पण ठरलेल्या क्रमाचे काम तो जीव लावून करतो. काही मुलांना अध्ययन अक्षमता असते. बुद्धी चांगली, पण वाचन-लेखन किंवा हिशेब जमत नाही. काहींना अतिचंचलता असते, लक्ष एका जागी ठरत नाही. काहींची बुद्धीची वाढच मुळात हळू असते. या चारही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. त्या जन्मजात किंवा लहानपणापासूनच्या असतात. हा कुणाचा शाप नाही, करणी नाही आणि आईच्या वागण्याचा दोषही नाही. त्यावर गंडेदोरे करून पैसा घालवणे म्हणजे पोराच्या शिक्षणाचा पैसा पाण्यात टाकणे.

सिनेमात दाखवतात तसा यांतला प्रत्येक जण गणिताचा जादूगार नसतो, हेही सांगितले पाहिजे. काहींना जन्मभर आधार लागतो. काहींना थोडी मदत पुरते. काही जण तर आपल्याबरोबर कारखान्यात, कचेरीत आजही काम करतात आणि त्यांना कामचोर, विसरभोळा, तिरसट ही नावे पडलेली असतात. त्यांना स्वतःलाही ठाऊक नसते की आपली घडणच निराळी आहे. चाळीस वर्षांच्या माणसाला सगळे जण 'तुझं लक्ष कुठं असतं?' असे विचारत आले आणि तोही स्वतःला नालायक समजत आला. अशा किती माणसांच्या नोकऱ्या गेल्या असतील, याचा हिशेब कुठल्या हजेरीपटात नाही.

आता कायदा काय म्हणतो ते नीट वाचा आणि हे पान जपून ठेवा. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात नोकरीतील ३ टक्के आरक्षण अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांच्यापुरते होते. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता ही नावेसुद्धा त्या कायद्यात नव्हती. मग दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले गेले आणि सरकारी नोकरीतील आरक्षण किमान ४ टक्के झाले. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी आहे. एकाहून जास्त प्रकारचे दिव्यांगत्व असलेल्यांचाही वाटा त्याच १ टक्क्यात आहे. या आरक्षणासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणपत्र लागते.

पण या कायद्यातली आम्हांला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट आरक्षणाहून वेगळी आहे. कायदा तिला वाजवी सोयीसुविधा म्हणतो. म्हणजे काय? मालकावर अवास्तव बोजा न पडता, माणसाला त्याचे काम करता यावे म्हणून कामाच्या रीतीत केलेला आवश्यक बदल. सरकारी कचेरीने ही सोय देणे कलम २० प्रमाणे बंधनकारक आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनेनेही समान संधीचे धोरण तयार करून ते जाहीर करायचे आहे. त्यात दिव्यांगांना योग्य अशी पदे कोणती, निवड कशी होणार, सोयी कोणत्या, हे लिहायचे असते. तुमच्या कारखान्याच्या फलकावर असा कागद कधी पाहिलात का? युनियनच्या पुढच्या बैठकीत हा प्रश्न जरूर विचारा. तक्रार करायची तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुण्याला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार या उमेदवाराच्या खटल्यात याच तत्त्वावर निकाल दिला. लिहिताना हात आखडत असल्याने त्याला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक हवा होता. त्याचे दिव्यांगत्व ४० टक्के नाही म्हणून नकार मिळाला होता. न्यायालयाने सांगितले की आरक्षणासाठीची ४० टक्क्यांची अट लेखनिकाच्या सोयीला लावता येणार नाही. म्हणजे सोय हा दयेचा तुकडा नव्हे. समान संधीचाच तो भाग आहे.

कुणी म्हणेल, कायदा ठीक, पण अशा माणसांकडून खरोखर काम होते का? तर दूर जायला नको. त्र्यंबकहून एस.टी.ने तीस किलोमीटर गेले की नाशिक. तिथे १९७७ साली रजनीताई लिमये यांनी प्रबोधिनी विद्यामंदिर ही मतिमंद मुलांची शाळा उभी केली. 'मतिमंद' हा त्या काळचा शब्द, आज बौद्धिक अक्षम म्हणतात. रजनीताई स्वतः अशा मुलाच्या आई होत्या. ज्या काळात अशी पोरे मागच्या खोलीत कोंडली जात, त्या काळात त्यांना शिकवता येते हे नाशिकने डोळ्यांनी पाहिले. शाळेतून बाहेर पडलेल्या मोठ्या मुलांचे पुढे काय, हा प्रश्न अशा प्रत्येक संस्थेपुढे येतो. त्यासाठी संरक्षित कार्यशाळा निघाल्या. काहींना अशी कार्यशाळाच योग्य. पण ज्याला चार लोकांत काम करता येईल, त्याला वेगळे का बसवायचे? वेगळे बसवण्याचा अर्थ आपल्या समाजाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

मुंबईत जुहूला २०१८ साली यश चॅरिटेबल ट्रस्टने 'अर्पण' नावाचे उपाहारगृह काढले. तिथे स्वयंपाकघरात आणि गिऱ्हाइकांपुढे काम करतात ते स्वमग्नता, डाउन सिंड्रोम, बौद्धिक अक्षमता असलेले तरुण-तरुणी. लोक पैसे मोजून तिथे जेवतात. परदेशात डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोने या गृहस्थाने २००४ साली स्पेशलिस्टर्न नावाची कंपनी काढली. त्यांचा मुलगा स्वमग्न. त्यांनी उमेदवाराला 'स्वतःविषयी सांग' असे विचारणे सोडून दिले. लेगो या खेळण्याच्या तुकड्यांपासून यंत्रमानव जुळवायला दिला आणि तो कसे काम करतो ते शांतपणे पाहिले. २०१३ मध्ये सॅप या मोठ्या जर्मन संगणक कंपनीने त्यांच्याबरोबर काम सुरू केले. त्याआधी या कंपनीने आपल्या बंगळूरच्या कचेरीत सहा स्वमग्न माणसांना सॉफ्टवेअर तपासणीच्या कामावर घेतले होते. पाहा, डेन्मार्कचे ते गृहस्थ आणि त्र्यंबकची आमची ताई एकच गोष्ट सांगतात. बोलणे तपासू नका, काम तपासा.

तेव्हा ज्यांच्या हाती चार माणसांना काम देणे आहे, त्यांना आमची विनंती आहे. मुलाखतीऐवजी किंवा मुलाखतीबरोबर दोन-तीन दिवस प्रत्यक्ष काम देऊन पाहा, आणि त्या दिवसांची मजुरी द्या. प्रश्न विचारायचेच असतील तर आदल्या दिवशी कागदावर लिहून द्या. 'जरा आवरून घे' असे मोघम सांगू नका. 'हे दहा खोके त्या भिंतीला लाव' असे सांगा. एका वेळी एक काम सांगा. वाचता येत नसेल तर चित्र काढून भिंतीला चिकटवा. काम सांगणारा माणूस एकच ठेवा, दहा तोंडांनी दहा हुकूम नकोत. यंत्राच्या, जनरेटरच्या आवाजापासून दूरची जागा द्या. पाळी किंवा जागा बदलायची तर आदल्या दिवशी सांगा. आणि सोबतच्या कामगारांना समजावा की याची नक्कल करून हसायचे नाही. यातल्या कोणत्या गोष्टीला फार पैसा लागतो? गंमत म्हणजे अशी स्पष्ट सूचना मिळाली तर बाकीच्या कामगारांचेही काम सोपे होते.

मजुरीविषयी आम्हांला ठणकावून सांगायचे आहे. 'बिचाऱ्याला ठेवून घेतले' म्हणून अर्ध्या पगारावर राबवणे ही दया नव्हे, ती लूट आहे. उपकाराच्या भाकरीची चव आपल्या वाडवडिलांनी घेतलेली आहे. जेवढे काम, तेवढा दाम.

२०२६-२७ च्या सिंहस्थामुळे त्र्यंबक आणि नाशिकमध्ये कामांचे ठेके निघत आहेत. लॉज, भोजनालये, धुलाई, गोदामे, स्वच्छता, सगळीकडे माणसे लागणार. गर्दीच्या तोंडावर उभे राहणे या मुलांना झेपणार नाही. पण गर्दीच्या मागे पुष्कळ काम असते. चादरी मोजणे, माल लावणे, भाज्या निवडणे, पाकिटे भरणे, नोंदी तपासणे. ठेकेदारांकडे आणि नगरपरिषदेकडे आपण आताच मागणी केली पाहिजे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. तो प्रशिक्षणावर किती खर्च होतो, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. दुसऱ्यांना शहाणपण सांगणारे आपण स्वतः काय करतो? आपल्या विहार समित्या आहेत, पतपेढ्या आहेत, महिलांचे बचत गट आहेत. जयंतीची तयारी असते तेव्हा अशा मुलाला आपण 'तू बाजूला बस' म्हणतो. खुर्च्या मोजून लावण्याचे, पुस्तके क्रमाने ठेवण्याचे काम त्याला आपण कधी दिले? आणि आई-वडील? मुलीचे लग्न मोडेल या भीतीने भावाचे नाव लपवतात. पाहुणे आले की त्याला शेजारी धाडतात. प्रमाणपत्र काढायला जात नाहीत, कारण कागदावर आले की कायमचा शिक्का बसेल असे वाटते. शिक्का तर वस्तीने केव्हाच मारला आहे. प्रमाणपत्राने निदान हक्क तरी मिळतो.

म्हणून सांगतो. आधार कार्ड, फोटो, शाळेचे कागद घेऊन जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी हे ओळखपत्र काढा. अर्ज संगणकावर करावा लागतो, तो भरून द्यायला आपल्यातली शिकलेली पोरे पुढे येऊ द्या. एका दिवसात काम होत नाही, मजुरी बुडते, हे आम्हांला ठाऊक आहे. तरी जा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला आहे. त्याच्या 'निरामय' योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालक नेमून घेण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. 'आमच्यामागे याचं कसं होणार?' या प्रश्नाने ज्या आयांना झोप येत नाही, त्यांनी याची चौकशी करावी.

त्या मुलाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. आम्ही आमची चूक कबूल केली आणि लॉजच्या चादरी धुण्याचा ठेका असलेल्या एका ओळखीच्या माणसाकडे गेलो. म्हटले, "याला काही विचारू नका. चार दिवस काम द्या, मग बोलू." प्रत्येक लॉजच्या चादरीच्या कोपऱ्याला वेगळ्या रंगाचा दोरा असतो. धुऊन आलेल्या ढिगातून त्या वेगळ्या करायच्या आणि मोजून गठ्ठे बांधायचे. पहिल्या दिवशी त्याने दोनदा विचारले, मग विचारले नाही. चार दिवसांत एकही गठ्ठा चुकला नाही.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. दुसऱ्या आठवड्यात वीज गेली, जनरेटर धडधडला आणि पोरगा पळून गेला. ठेकेदार म्हणाला, "उद्यापासून नको." आम्ही जाऊन बसलो, बोललो. शेवटी त्याची जागा मागच्या पडवीत केली आणि जनरेटर सुरू करण्याआधी त्याला सांगायचे ठरले. सांगितले की तो स्वतःच कानांत कापूस घालतो. पगारही सुरुवातीला इतरांच्या अर्धा होता. त्यावर दोनदा शब्दाला शब्द झाला. चौथ्या महिन्यापासून तो इतरांएवढा पगार घेतो.

पहिला पूर्ण पगार झाला त्या रात्री त्याची आई पुन्हा आमच्या दारात आली. पोरगाही बरोबर होता. आमच्याकडे न बघता त्याने दाराबाहेरच्या सगळ्या चपला एका ओळीत लावल्या. आईने विचारले, "भाऊ, आता यो बोलतो का न्हाई, ते कोन इचारतंय?"

कुणीच विचारत नाही, ताई. आणि विचारायचीही गरज नव्हती.

वाचकहो, आपल्या वस्तीत असा एखादा मुलगा, अशी एखादी मुलगी असेलच. या रविवारी विहारातून परतताना त्यांच्या घरी जा. त्याला काय येत नाही ते विचारू नका. काय येते ते पाहा आणि आम्हांला कळवा.

जयभीम.